सुरपूरचे राजे वेंकटप्पा नायक आणि १८५८ चा उठाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे वेंकटप्पा नायक नेमके कोण?

कृष्णा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या खडकाळ मुलखात सुरपूर नावाचं बेडर नायकांचं संस्थान होतं. आज हा भाग कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात येतो. वेंकटप्पा नायक हे या संस्थानाचे शेवटचे सत्ताधारी राजे. वडील कृष्णप्पा नायक वारले तेव्हा ते अगदी लहान होते, १८५३ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये त्यांनी इंग्रजांच्या फौजेविरुद्ध शस्त्र उचललं. त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कैदेत असताना पिस्तुलाची गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला.

त्यांची स्वतंत्र सत्ता जेमतेम पाच वर्षांची आणि लढाई दोन दिवसांची. तरीही दक्षिणेतल्या १८५७-५८ च्या उठावांत त्यांचं नाव वगळता येत नाही. पकडले गेल्यावर त्यांनी सोबत्यांची नावं सांगायला नकार दिला आणि त्या नकारावर ते शेवटपर्यंत ठाम राहिले.

सुरपूर, शोरापूर, जोरापूर: यातलं बरोबर नाव कोणतं?

तिन्ही नावं एकाच गावाची. कन्नडमध्ये सुरपुर किंवा शोरापुर म्हणतात आणि सरकारी वापरातही दोन्ही रूपं दिसतात. ‘जोरापूर’ हे रूप जुन्या मराठी पुस्तकांत आढळतं. सावरकरांच्या सत्तावनच्या इतिहासात हा ‘जोरापूरचा राजा’ म्हणूनच येतो आणि मराठीत ही कथा मुख्यतः तिथूनच पसरली. त्यामुळे अनेकजण नकाशात जोरापूर शोधतात आणि ते सापडत नाही.

जुने इंग्रजी कागद चाळायचे असतील तर एका स्पेलिंगवर थांबू नका. सुरुवात कधी ‘एस-एच-ओ’, कधी ‘एस-ओ’, तर कधी ‘झेड-ओ’ अशी असते, आणि ‘पूर’मध्ये एक ‘यू’, दोन ‘ओ’ किंवा ‘ओ-ओ’नंतर जास्तीचा ‘ई’ही येतो. ‘बेडर’ या शब्दाचंही तसंच. राजाच्या अल्पवयात सुरपूरचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी मेडोज टेलर तो ‘बी-ई-वाय-डी-यू-आर’ असा लिहितो. एका रूपाने काहीच मिळालं नाही म्हणून कागद नाहीत असं समजू नये.

बेडर म्हणजे आपल्याकडचे बेरडच का? उमाजी नाईकांशी यांचं काही नातं होतं?

कन्नड ‘बेड’ म्हणजे शिकारी, त्यावरून बेडर. मराठी कागदांत हाच शब्द ‘बेरड’ होतो. पुढे मराठीत ‘बेरड’ हे निगरगट्ट या अर्थाचं विशेषण बनलं. म्हणून आज लिहिताना ‘बेडर’ किंवा ‘नायक’ लिहावं. समाजातले लोक स्वतःला नायक, वाल्मीकी नायक म्हणवतात.

उमाजी नाईक हे पुरंदरच्या परिसरातले रामोशी. त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली. त्या वेळी वेंकटप्पांचा जन्मही झालेला नव्हता. महाराष्ट्रात बेरड आणि रामोशी ही नावं जोडून घेतली जातात, त्यामुळे गल्लत होते. पण हे दोन वेगळ्या मुलखांतले, वेगळ्या काळातले लढे आहेत. साम्य आहे ते वेगळ्याच बाबतीत. दोन्हीकडे लढवय्या जमातीला जमिनीच्या बदल्यात पहाऱ्याची आणि लढाईची चाकरी होती आणि ती व्यवस्था मोडायला लागल्यावर असंतोष पेटला.

सुरपूरच्या नायकांचा मराठ्यांशी काही संबंध होता का?

होता, आणि तो मोठा आहे. सुरपूरच्या आधी या घराण्याचं ठाणं जवळच्या वाकिनखेड्याला होतं. कन्नडमध्ये त्याला वागिनगेरा म्हणतात. औरंगजेबाने आयुष्यातली शेवटची मोहीम याच किल्ल्यावर काढली. फेब्रुवारी १७०५ मध्ये वेढा पडला, तेव्हा आत पीड नायक होते. धनाजी जाधव आणि हिंदुराव मराठ्यांची फौज घेऊन त्यांच्या मदतीला गेले. मुघल बाहेरून वेढा आवळत होते आणि मराठे त्या वेढ्यालाच पाठीमागून हैराण करत होते. एप्रिलच्या अखेरीस किल्ला पडला, पण हाती आला तो रिकामा. पीड नायक आणि त्यांची माणसं निसटली होती. बादशहा तिथून परतताना देवापूरला आजारी पडला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला वारला.

हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा, कारण १८५८ मध्येही शत्रूला सुरपूर रिकामंच मिळालं. चारी बाजूंनी कोंडी झाली की ठाणं सोडायचं, माणसं वाचवायची आणि पुन्हा जमायचं, ही बेडरांची जुनी रीत. १७०५ मध्ये ती यशस्वी झाली कारण बाहेर मराठे होते. १८५८ मध्ये बाहेर कुणीच नव्हतं.

मेडोज टेलर कोण? राजे त्याला ‘अप्पा’ का म्हणत?

कॅप्टन फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सैन्यातला इंग्रज अधिकारी. कंपनीच्या फौजेत त्याची नेमणूक कधीच नव्हती. कृष्णप्पा नायकांच्या मृत्यूनंतर संस्थानात वाद माजले. एकीकडे राणी ईश्वरम्मा, दुसरीकडे दिवंगत राजाचे बंधू पीड नायक, शिवाय निजामाची नजराण्याची मागणी आणि डोक्यावर कर्ज. हे सावरायला १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलरला पाठवलं. अल्पवयीन राजाच्या वतीने त्याने १८५३ पर्यंत कारभार पाहिला. जमिनीची मोजणी, रस्ते, तलावांची कामं, वसुलीची शिस्त अशी कामं त्याने केली. राणीशी मात्र त्याचे सतत खटके उडत.

वेंकटप्पा त्याच्या देखरेखीखाली वाढले आणि त्याला ‘अप्पा’ म्हणत. मराठी वाचकाला यात वडीलधाऱ्यासाठीची नेहमीची हाक ऐकू येते. कन्नडमध्ये मात्र अप्पा म्हणजे सरळ बाप. पुढचं सगळं वाचताना हा अर्थ मनात ठेवला, तर कोठडीतल्या भेटीचं वजन कळतं.

१८५३ ते १८५७ या काळात बिघडलं काय?

कारण एक नव्हतं.

पहिलं म्हणजे भोवतालचा नकाशा बदलला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआब कंपनीच्या कारभाराखाली दिला. कृष्णेच्या पलीकडे लिंगसूगूरला हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होतीच. म्हणजे सुरपूरच्या दक्षिणेचा काठ आता थेट इंग्रजांच्या हातात गेला.

दुसरं, टेलर गेला. त्याची बदली नळदुर्गला झाली, तुळजापूरलाही त्याचा मुक्काम असे, आणि १८५७ मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या राजाच्या हातात अचानक पूर्ण सत्ता आली आणि दरबारातल्या सगळ्या गटांना तो मोकळा सापडला. टेलर पुढच्या बिघाडाचा दोष राजाच्या उधळेपणाला आणि सल्लागारांना देतो. हे त्याचं मत म्हणूनच वाचावं, कारण स्वतः घातलेली घडी मोडल्याचा राग त्यात आहे.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १८५७ मध्ये हत्यारबंदीचा कायदा लागू झाला. बेडरांच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे नुसती मालमत्ता नव्हती. जमीन मिळायची तीच शस्त्राच्या चाकरीवर. हत्यार काढून घेतलं की जमिनीवरचा हक्क आणि गावातला मान दोन्ही जातात. नोव्हेंबर १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. फौजेने गाव जाळलं, अनेकांना फाशी दिली. त्यांच्यावरच्या कन्नड लावण्या आजही गायल्या जातात. हलगलीची बातमी सुरपूरपर्यंत पोचली नसेल हे संभवत नाही.

७ आणि ८ फेब्रुवारी १८५८ ला नेमकं काय घडलं?

राजे अरब आणि रोहिले शिपाई भरती करत आहेत अशा बातम्या हैदराबादच्या रेसिडेंटकडे, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीकडे, जात होत्या. रेसिडेंट होता कर्नल कथबर्ट डेव्हिडसन. त्याने कॅप्टन रोझ कॅम्पबेलला राजाशी बोलायला पाठवलं. दरम्यान फौजा दोन दिशांनी सरकू लागल्या. मद्रासकडची कर्नल ह्यूजच्या हाताखाली, मुंबईकडची कर्नल माल्कमच्या. लिंगसूगूरहून कंटिन्जंटची तुकडी कॅप्टन विंडहॅम घेऊन आला आणि सुरपूरजवळ उतरला.

इथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट घडली. टेलरच्या वृत्तांतानुसार छावणीसाठी राजाच्या माणसांनी दाखवलेली जागा चहूकडून खडकांनी वेढलेली अरुंद दरी होती. विंडहॅमने ती नाकारली आणि मोकळ्या माळावर तंबू ठोकले. सुरपूरची टेकाडं पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. दरीत उतरलेल्या छावणीवर वरून बंदुका रोखता येतात, धोंडे लोटता येतात, आणि घोडदळाला वळायला जागा उरत नाही. माळावर हे सगळे फायदे संपतात.

७ तारखेच्या रात्री अरब, रोहिले आणि बेडर छावणीवर तुटून पडले. छावणी रात्रभर टिकली. सकाळी कुमक पोचली. ८ तारखेला मद्रास घोडदळाच्या कॅप्टन न्यूबेरीने रोहिल्यांच्या टोळीवर घोडी घातली. तो आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट दोघेही मारले गेले. फौजेचा वेढा आवळत चालल्याचं पाहून राजे त्याच रात्री मोजक्या स्वारांसह निघाले. दुसऱ्या दिवशी फौज गावात शिरली तेव्हा गाव ओस पडलं होतं.

डोंगराळ जागा, लढवय्ये लोक असूनही दोन दिवसांत सगळं का संपलं?

पहिली चूक वेळेची. दिल्ली सप्टेंबर १८५७ मध्येच पडली होती. कोल्हापूरची २७ वी पलटण जुलैअखेर उठली आणि तिथला डिसेंबरचा दुसरा उठावही दडपला गेला. हलगली नोव्हेंबरात संपलं. नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले ते मेअखेरीस. त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं, त्यावर याच कर्नल माल्कमने नरगुंद घेतलं आणि १२ जूनला बेळगावात बाबासाहेबांना फाशी झाली. मुंडरगीचे भीमराव कोप्पळला पडले ते जूनच्या सुरुवातीला. तारखा ओळीने मांडल्या की दिसतं, एक ठिकाण विझल्यावर दुसरं पेटत होतं. त्यामुळे माल्कमसारख्या एकाच अधिकाऱ्याला तीच फौज घेऊन एकामागून एक ठाणी घेता आली. सुरपूर आणि नरगुंद एकाच आठवड्यात उठले असते तर ते त्याला जमलं नसतं.

दुसरी चूक फौजेच्या घडणीतली. बेडर आपल्या जमिनीसाठी आणि राजासाठी लढत होते, अरब आणि रोहिले पगारासाठी. दोघांचा नेता एक नव्हता, लढण्याची पद्धतही एक नव्हती. बेडरांचं बळ खडकाआडून, ओळखीच्या वाटांवर. रात्री मोकळ्या माळावरच्या सज्ज छावणीवर चालून जाणं हा त्यांचा डाव नव्हे.

तिसरी गोष्ट राजाच्या जाण्याची. बेडरांच्या दृष्टीने राजा हाच लढ्याचा मध्यबिंदू. तो निघून गेल्याचं कळताच लोक पांगले, आणि त्यात भित्रेपणा नव्हता. ज्याच्यासाठी ठाणं धरायचं तोच तिथे नव्हता.

राजे पळून हैदराबादलाच का गेले? तो तर निजामाचा दिवाण सालारजंग याचा गड होता.

बाहेरून पाहिलं तर हे अनाकलनीय वाटतं. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहा. सुरपूर हे निजामाचं मांडलिक संस्थान होतं, म्हणजे दाद मागायची तर हैदराबादलाच. त्यांच्याकडचे अरब-रोहिले त्याच शहराच्या जमातीतले. शिवाय १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रोहिल्यांसह हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला होता. शहरात इंग्रजांविरुद्ध धग आहे हे सर्वांना ठाऊक होतं.

हिशेब चुकला तो दिवाणाच्या बाबतीत. सालारजंग पूर्णपणे इंग्रजांच्या बाजूने होता. राजे शहरात फिरत असताना पकडले गेले. सालारजंगने त्यांना रेसिडेंटच्या हवाली केलं आणि सिकंदराबादच्या गोऱ्या पलटणीच्या पहाऱ्यात त्यांना ठेवण्यात आलं.

खटला कसा चालला आणि शिक्षा काय झाली?

खटला लष्करी न्यायासनापुढे चालला. शिक्षा तीन टप्प्यांत बदलत गेली आणि लेखांत बहुतेक वेळा इथेच गोंधळ होतो. न्यायासनाने देहदंड दिला. रेसिडेंटने तो जन्मठेप काळ्या पाण्यावर आणला. गव्हर्नर जनरल कॅनिंगने तीही कमी करून मद्रासजवळच्या चिंगलपट किल्ल्यात चार वर्षांची कैद ठरवली. सोबत राण्यांना नेण्याची मुभा होती, आणि वर्तन सुधारलेलं दिसलं तर पुढे संस्थान परत देण्याचा विचार होईल असंही टेलर लिहितो.

‘राजांना फाशी झाली’ असं वाक्य कुठे दिसलं तर ते चूक आहे. ‘काळ्या पाण्यावर पाठवलं’ हेही चूक, कारण ती शिक्षा अमलात आलीच नाही.

कोठडीतल्या भेटीत काय झालं?

या साऱ्या प्रकरणाचा गाभा म्हणजे ही भेट. टेलर सिकंदराबादला राजाला भेटायला गेला. राजे ‘अप्पा, अप्पा’ म्हणत त्याच्या गळ्यात पडले. टेलरने त्यांना समजावलं, की कुणी भरीस घातलं त्यांची नावं सांग, रेसिडेंट दया दाखवील. राजांनी नकार दिला. सोबत्यांना दगा देऊन जीव वाचवायचा नाही, भ्याडासारखं आयुष्य मागायचं नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. एकच मागणी त्यांनी केली: मला चोरासारखं फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या.

आजच्या वाचकाला ही मागणी भयंकर वाटते. तेव्हाच्या लष्करी चालीरीतींत फाशी ही दरोडेखोराची शिक्षा आणि तोफ ही शिपायाची. राजे मरणाचा प्रकार निवडत होते, कारण त्यावरून गुन्ह्याचं नाव ठरणार होतं. फाशी म्हणजे लुटारू, तोफ म्हणजे लढवय्या.

आणि नकार कुणाला दिला हेही बघा. समोर जेलर नव्हता. ज्याला बापाच्या नावाने हाक मारायचे तोच माणूस, मनापासून वाचवण्याच्या हेतूने, नावं मागत होता. असा नकार शत्रूला दिलेल्या नकाराहून अवघड असतो.

मृत्यू कसा झाला? आत्महत्या, अपघात की आणखी काही?

चिंगलपटकडे निघाल्यावर सिकंदराबादपासूनच्या पहिल्याच मुक्कामात हे घडलं. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने कमरेचा पट्टा काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. पट्ट्यात भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं. तो तंबूबाहेर गेला आणि काही क्षणांत गोळीचा आवाज आला. आत राजे मरून पडले होते. गोळी पोटात शिरून पाठीच्या कण्यातून गेली होती.

तंबूत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून यापलीकडे खात्रीने सांगण्याजोगं काही नाही. टेलर दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतो: मुद्दाम झाडलं असेल, किंवा पिस्तुल हाताळताना सुटलं असेल. आत्महत्येच्या बाजूने सांगतात की तोफ मागणाऱ्याला कैद नकोच होती. अपघाताच्या बाजूने सांगतात की जीव द्यायचा असता तर नेम डोक्याचा किंवा छातीचा धरला असता, पोटाचा नव्हे, आणि शिक्षा नुकतीच कमी झालेली असताना ते कशाला जीव देतील. लेख लिहिताना ‘गोळी लागून मृत्यू’ एवढंच लिहावं. ‘आत्मार्पण’ किंवा ‘खून’ यांपैकी कोणताही शब्द ठामपणे वापरायला आधार नाही.

कुंडलीची गोष्ट खरी आहे का?

टेलरने ती सविस्तर लिहिली आहे. राजा चोविसाव्या वर्षी मरणार असं कुंडलीत होतं, आणि ती जपणाऱ्या ब्राह्मणाने हे भाकीत टेलरला पूर्वीच सांगितलं होतं. शिक्षा कमी झाल्याची बातमी आल्यावर टेलरने त्याला सांगितलं की भाकीत खोटं ठरलं. ब्राह्मणाने ते मानलं नाही, आणि लवकरच मृत्यूची खबर आली.

टेलर कादंबरीकारही होता आणि हा प्रसंग त्याने अनेक वर्षांनंतर लिहिला, हे विसरू नये. वयाचा पुरावा म्हणून मात्र ही गोष्ट उपयोगी आहे. मृत्यूसमयी चोविसावं वर्ष चालू होतं हे त्यातून कळतं, आणि १८५३ मध्ये सज्ञान होऊन कारभार मिळाल्याशी ते जुळतं.

नानासाहेब पेशव्यांशी त्यांचं संधान होतं का?

इंग्रज अधिकाऱ्यांना तसा संशय होता, आणि दक्षिणी मराठा मुलखातून दूत सुरपूरला येतात असं ते लिहीत. पण दूत आल्याचा संशय आणि प्रत्यक्ष कट यांत फार अंतर आहे. नेमकी नावं सांगू शकणारा माणूस एकच होता आणि त्याने ती सांगितली नाहीत. ‘नानासाहेबांच्या आज्ञेने सुरपूर उठलं’ असं विधान करू नये. त्याने राजांचं कर्तृत्व वाढत नाही, उलट त्यांचा निर्णय दुसऱ्याच्या खात्यावर जातो.

नंतर संस्थानाचं काय झालं?

इंग्रजांनी ताबा घेतला आणि टेलरलाच कमिशनर म्हणून परत पाठवलं. १८६० च्या तहाने, बंडाच्या काळातल्या मदतीची बक्षिशी म्हणून, सुरपूर निजामाला देण्यात आलं. रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गही त्याच तहात निजामाकडे परतले. पुढे सुरपूर हैदराबाद राज्यात, १९५६ पासून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, गुलबर्गा जिल्ह्यात होतं. डिसेंबर २००९ मध्ये यादगीर जिल्हा वेगळा झाला.

बहुतेक माहिती टेलरचीच. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

स्थळं, माणसं, घटनांचा क्रम यांबाबत बराच. तो तिथे बारा वर्षांच्या आसपास राहिला, माणसांना नावानिशी ओळखत होता. हेतू आणि स्वभावाबद्दल तो लिहितो तिथे मात्र सावध राहा. त्याचं आत्मचरित्र मृत्यूनंतर, १८७७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे घटनेपासून जवळजवळ वीस वर्षांचं अंतर. आपण वाढवलेलं मूल बिघडलं की बिघडवलं गेलं, या प्रश्नाने तो व्याकूळ आहे आणि उत्तर नेहमी ‘बिघडवलं गेलं’ असंच देतो. राजाने स्वतः विचार करून बाजू निवडली असेल, ही शक्यता त्याच्या लेखनात येतच नाही. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की त्यानेच नोंदवलेला कोठडीतला नकार ही शक्यता सिद्ध करतो.

मूळ कागद कुठे पाहायचे?

घरबसल्या सुरुवात करायची तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरून करा. परराष्ट्र खात्याच्या १८५८ च्या कागदांत हैदराबाद रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार शोधावा. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात पोलिटिकल विभागाचे खंड आहेत, माल्कमच्या बाजूचा पत्रव्यवहार तिथे पाहावा. हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात निजामशाहीचं दप्तर आहे. ते मुख्यतः फारसीत असल्यामुळे शिकस्ता, म्हणजे घाईची मोडती फारसी लिपी, वाचणारा माणूस सोबत लागतो.

तारखा जुळवताना हमखास चूक होते. ७-८ फेब्रुवारी १८५८ म्हणजे हिजरी १२७४ चा जमादिलाखर, दख्खनी फसली (महसुली वर्ष) १२६७ आणि शके १७७९. फसली वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं, त्यामुळे फेब्रुवारीच्या घटनेसाठी इसवी सनातून ५९१ वजा करायचे आणि ऑगस्टच्या घटनेसाठी ५९०. हा एकाचा फरक विसरला की पूर्ण वर्षाचे चुकीचे खंड मागवले जातात.

नाव शोधलं की भलतेच लोक सापडतात. का?

कारण या घराण्यात वेंकटप्पा, कृष्णप्पा, पीड ही नावं पुन्हा पुन्हा येतात. १७०५ चे पीड नायक आणि १८४० च्या दशकातले पीड नायक यांच्यात जवळजवळ दीड शतक आहे. केळदीचे वेंकटप्पा नायक हे तर सतराव्या शतकातले, मलनाडातल्या वेगळ्याच घराण्याचे. शिवाय राजा वेंकटप्पा नायक याच नावाचे सुरपूरचे आमदार होते, त्यांचं २०२४ मध्ये निधन झालं. शोधताना नावासोबत ‘१८५८’ किंवा ‘टेलर’ जोडलं तर बरीच गर्दी कमी होते.

सुरपूरला कसं जायचं आणि काय पाहायचं?

पुण्या-मुंबईहून सोपी वाट रेल्वेची. सोलापूर, कलबुर्गी, वाडी करत यादगीरला उतरायचं आणि शहापूरमार्गे रस्त्याने सुरपूर गाठायचं. यादगीरहून पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर आहे. गाडीने जाणाऱ्यांना सोलापूर, विजयपूर, तालिकोटी, हुणसगी ही वाट बरी पडते. एप्रिल-मे टाळा, खडक तापतात आणि टेकडीवर सावली नाही. पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला.

टेकडीवर टेलरने बांधलेली ‘टेलर मंझिल’ आहे. तिथून खाली गाव आणि सभोवतीची टेकाडं एका नजरेत येतात. विंडहॅमने दरी का नाकारली हे तिथे उभं राहून समजतं. गावात राजवाडा आणि वेणुगोपाल स्वामींचं देऊळ आहे. जवळ बोनाळचा तलाव, टेलरच्या काळात सुधारलेला, आता पक्षिधाम आहे. हिवाळ्यात पहाटे जावं. वागिनगेऱ्याचा किल्ला स्वतंत्र अर्धा दिवस मागतो. सोनेरी वर्खाची सुरपूर चित्रशैलीही याच दरबारात वाढली.

वाकडी वाट करायची तयारी असेल तर राजनकोळूरच्या महापाषाणी शिळा पाहा, त्यांची नोंद टेलरने केली. हुणसगीचं खोरं अश्मयुगीन हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथलं संशोधन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी केलं. गावात कन्नड चालते, दखनी हिंदीही समजते. राजवाड्यात घराण्यातली माणसं राहतात, तेव्हा आधी विचारून मगच आत जावं आणि फोटो काढावेत.